दूरच्या विमानप्रवासातील आसन आणि त्याची पारख

भांड्यापासून भूखंडापर्यंत कोणतीही वस्तू मोल देऊन घेण्यापूर्वी ती वाजवून, फिरवून, चार जाणत्यांस दाखवून घ्यावी, हा व्यवहाराचा शिरस्ता आपल्याकडे इतका रुळलेला आहे की तो कोणास शिकवावा लागत नाही. परंतु ज्या तिकिटापायी एखाद्या मध्यम कुटुंबाची वर्षाची शिल्लक खर्ची पडते, त्या दूरच्या विमानप्रवासाच्या बिझनेस क्लासच्या तिकिटापाशी येताच तोच चोखंदळ गृहस्थ वर्गाचे नाव वाचून निश्चिंत होतो, आणि कोणत्या विमानातील, कोणत्या रांगेतील, कोणत्या बाजूची जागा आपल्या वाट्यास आली याची चौकशी विमानात पाऊल टाकल्यानंतर आरंभितो. हाळी-हंडरगुळीच्या बाजारात देवणी बैलांची जोडी घेणारा शेतकरी असा फसत नाही. जनावर वानेरा आहे, बालंक्या आहे की शेवेरा, हे तो अंगावरच्या काळ्यापांढऱ्या रंगावरून दुरूनच ओळखतो. पण पैसे मोजतो ते दात पाहून, खूर उचलून आणि जनावर चार पावले चालवून. विमानातील आसनाच्या बाबतीत वर्गाचे नाव हा नुसता रंग होय. दात, खूर आणि चाल कोणती, हे सांगण्याचा या प्रकरणाचा हेतू आहे.

देवणीसारख्या सरहद्दीवरच्या तालुक्याच्या गावी हा विषय अप्रस्तुत आहे असे कोणी म्हणेल, तर त्याने या भागातील घरांची सद्यःस्थिती पाहिलेली नाही असे म्हणावे लागेल. लातूर-उदगीरच्या शाळा-महाविद्यालयांतून पुढे जाऊन पुण्याला किंवा हैदराबादला स्थिरावलेली आणि तेथून अमेरिकेस वा युरोपास गेलेली मुले आज अनेक कुटुंबांत आहेत, आणि नातवंडाच्या जन्माचे निमित्त झाले की साठी-सत्तरीतील आईवडिलांना तिकडे बोलावण्याची तजवीज होते. मुलगा प्रेमाने वरच्या वर्गाचे तिकीट काढतो. पण आईवडिलांचा प्रवास विमानतळावर सुरू होत नसतो. तो देवणीच्या अंगणातून सुरू होतो. उदगीर, बीदर, जहीराबाद असे करीत दोनशे किलोमीटरहून अधिक मजल मोटारीने मारून हैदराबादजवळच्या शमशाबादच्या विमानतळावर पोहोचायचे, तपासण्यांच्या रांगा ओलांडायच्या, पुष्कळदा पहाटेपूर्वीच्या विमानाने चार तासांत दुबई किंवा दोहा गाठायचे, आणि तेथून पुढे अमेरिकेचा चौदा-पंधरा तासांचा मुख्य पल्ला. ज्या आसनासाठी एवढा पैसा मोजला त्यावर देह टेकेपर्यंत एक रात्र जागून झालेली असते. म्हणून या वर्गात आपण खरोखर विकत घेतो त्या वस्तू दोनच आहेत: अखंड झोप, आणि कोणाचीही झोप न मोडता उठण्याची मोकळीक. काचेच्या ग्लासातील सरबत, गरम रुमाल, मोठा पडदा हे सारे वरकड होय. प्रत्येक आसन या दोन कसोट्यांवर घासून पाहावे.

आजची गुंतागुंत समजण्यास थोडा पूर्वेतिहास पाहणे इष्ट आहे. ८ जून १९४८ रोजी एअर इंडिया इंटरनॅशनलचे ‘मलबार प्रिन्सेस’ हे लॉकहीड कॉन्स्टेलेशन जातीचे विमान मुंबईहून कैरो व जिनीव्हा मार्गे लंडनला निघाले, तेव्हा देवणीचा मुलूख निजामाच्या राज्यातील बीदर जिल्ह्यात मोडत होता आणि तो भारतात सामील होण्यास अद्याप तीन महिने अवकाश होता. त्या विमानात प्रवासी होते सुमारे पस्तीस, आणि दूरच्या आकाशमार्गाने जाणारा मनुष्य त्या काळी सधन किंवा अधिकारीच असावयाचा, त्यामुळे आसनांच्या प्रतवारीचा प्रश्न फारसा उपस्थित होत नसे. १९५२ साली अटलांटिकच्या मार्गावर ‘टूरिस्ट’ आणि १९५८ साली ‘इकॉनॉमी’ हे स्वस्त वर्ग निघाले. पुढे प्रचंड आकाराची जम्बो विमाने आली, ती भरण्यासाठी सवलतींचा सुकाळ झाला, आणि पुरे भाडे भरून कामानिमित्त जाणारा प्रवासी सवलतीच्या गर्दीत गुदमरू लागला. त्याची कैफियत ऐकून १९७८-७९ च्या सुमारास पॅन ॲम, ब्रिटिश एअरवेज, क्वांटास इत्यादी कंपन्यांनी त्याच्यासाठी पडद्याआड एक निराळे दालन मुक्रर केले. आरंभी हे दालन म्हणजे थोडी शांतता आणि थोडी ऐसपैस खुर्ची एवढेच होते. पूर्ण आडवी होणारी शय्या या वर्गात आणली ती ब्रिटिश एअरवेजने, २००० साली. म्हणजे आज आपण जी सोय गृहीत धरतो तिचे वय जेमतेम पाव शतक आहे, आणि विमान तर वीस-पंचवीस वर्षे सहज उडते. जुन्या समजुतीची आणि नव्या समजुतीची आसने एकाच नावाखाली, एकाच काळी, कित्येकदा एकाच कंपनीच्या ताफ्यात नांदताना दिसतात त्याचे कारण हेच.

याचा दाखला दूर शोधावयास नको. एअर इंडियाच्या बोइंग ७८७-८ विमानांच्या मूळ मांडणीत या वर्गाच्या १८ जागा असून त्या एका रांगेत दोन-दोन-दोन अशा आहेत. तिच्या बोइंग ७७७-३००ईआर विमानांच्या मूळ मांडणीत दोन-तीन-दोन अशा. आणि जानेवारी २०२४ पासून सेवेत आलेल्या एअरबस ए३५०-९०० विमानांत एक-दोन-एक अशा २८ जागा असून प्रत्येकीस सरकते दार आहे. जुन्या विमानांच्या अंतर्भागाचे नूतनीकरण कंपनीने हाती घेतले असल्यामुळे आज जे खरे ते वर्षभराने बदललेले असेल. पण आकड्यांचा अर्थ बदलणार नाही. दोन-दोन-दोन म्हणजे खिडकीकडच्या माणसाला बाहेर पडण्यासाठी झोपलेल्या शेजाऱ्याचे पाय ओलांडावे लागणार. दोन-तीन-दोन म्हणजे एवढे द्रव्य मोजूनही कोणीतरी दोघांच्या मध्ये अडकणार. आणि एक-दोन-एक म्हणजे प्रत्येकाची वाट स्वतंत्र. आसनांचा नकाशा उघडल्यावर प्रथम पाहावयाचे ते हे तीन आकडे.

वर्गाच्या नावावर विसंबण्याचे पर्यवसान कोठवर जाऊ शकते, हे मराठवाड्याने एकदा अनुभवलेले आहे. मार्च २०१७ मध्ये उस्मानाबादच्या तत्कालीन खासदारांच्या हाती पुणे-दिल्ली प्रवासाचे बिझनेस क्लासचे तिकीट होते, आणि त्या फेरीस लावलेल्या विमानात तो वर्गच नव्हता. सबंध विमान इकॉनॉमीचे होते. पुढे दिल्लीच्या विमानतळावर जो प्रकार घडला, कर्मचाऱ्यावर चप्पल उगारली गेली, विमान कंपन्यांनी खासदारांवर बंदी घातली आणि प्रकरण संसदेपर्यंत गेले, तो सर्वश्रुत असून त्याच्या गुणदोषांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. आपल्या विषयापुरता बोध इतकाच की तिकिटावरील वर्ग हा करार आहे आणि विमान ही वस्तुस्थिती आहे. आसन निवडण्यापूर्वी त्या दिवशीच्या फेरीस कोणत्या जातीचे विमान लावले आहे याची खातरजमा करणे ही पहिली पायरी होय.

आता एक-दोन-एक या उत्तम मांडणीतही पोटभेद आहेत, आणि झोपेचा खरा निवाडा तेथेच होतो. काही विमानांत आसने वाटेशी तिरपी बसविलेली असतात. त्यांतील जुन्या पद्धतीत, जी व्हर्जिन अटलांटिकने २००३ साली रूढ केली, प्रवाशाचे डोके भिंतीकडे आणि पाय वाटेकडे येतात, त्यामुळे खिडकीची जागा मिळूनही खिडकीकडे पाठच होते. नंतरच्या पद्धतीत हीच तिरपाई उलट करून प्रवाशाचे तोंड खिडकीकडे आणि पाठ वाटेकडे केली. एकट्या प्रवाशास, विशेषतः ज्यास परक्यांच्या नजरेचा संकोच वाटतो अशास, ही मांडणी सर्वांत मानवते. तिसरा प्रकार मागेपुढे सरकविलेल्या आसनांचा: एका रांगेत आसन खिडकीस लगटून आणि टेबल वाटेकडे, तर लगतच्या रांगेत टेबल खिडकीकडे आणि आसन वाटेला उघडे. एकाच विमानातील एकाच किमतीच्या या दोन जागांत महदंतर आहे. पहिलीत टेबल आडोशाचे काम करते. दुसरीत रात्रभर जाणाऱ्या-येणाऱ्यांची कोपरे खांद्याला लागतात. नकाशात या दोहोंचे चित्र निराळे काढलेले असते. चौकोन खिडकीच्या रेषेस टेकला आहे की वाटेच्या, हे नीट न्याहाळले म्हणजे भेद उमगतो. कतार एअरवेजने २०१७ पासून आणि ब्रिटिश एअरवेजने २०१९ पासून दार असलेली दालने आणली, आणि आता तो प्रघात पसरतो आहे. पण दारापेक्षा महत्त्वाची गोष्ट पायांची आहे. बहुतेक मांडण्यांत झोपणाऱ्याचे पाय पुढील प्रवाशाच्या टेबलाखालील पोकळीत जातात, आणि ती पोकळी अरुंद असेल तर सहा-साडेसहा फूट लांबीची शय्याही कुशीवर वळताना अपुरी वाटते. अगदी पहिल्या रांगेपुढे कोणाचे टेबल नसल्यामुळे तेथील पोकळी बहुधा अधिक रुंद असते. उंच माणसाने आणि गुडघे मुडपून झोपणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे.

परंतु पहिल्या रांगेचा हा लाभ निर्भेळ नाही. आडभिंतीवर बाळाचा पाळणा टांगण्याची सोय असते ती याच रांगेत, आणि पुष्कळ विमानांत भिंतीपलीकडे पँट्री असते. रात्री दिवे मालवल्यावर पँट्रीत ट्रॉल्यांची कुलपे खटखटतात, ओव्हनची घंटी वाजते, पडदा सरकला की उजेडाची चीर डोळ्यांवर येते, आणि विमानसेवकांच्या दबक्या गप्पा झोपेच्या उंबरठ्यावर असलेल्या माणसाला शब्दन् शब्द ऐकू येतात. दालनाच्या शेवटच्या रांगेसही बहुधा स्वच्छतागृहाचे सान्निध्य असते: दार लावल्याचा आवाज, रांगेत उभ्या असलेल्यांची चुळबुळ. यावरून मध्यम रांगांचा पक्ष बळकट ठरतो: दोन्ही टोकांपासून दोन-तीन रांगा आत. काही विमानांत दोन दारांच्या मध्ये दोन-तीन रांगांचे छोटे दालन वेगळे काढलेले असते. प्रवासी थोडे, वर्दळ थोडी, म्हणून ते आधी पाहावे, मात्र त्यास लागून पँट्री नाही याची खात्री करून.

पुढे बसावे की मागे, याचा निर्णय पोट आणि कान यांच्या भांडणात करावा लागतो. हवेच्या धक्क्याने विमानाचे नाक वरखाली होते ते त्याच्या गुरुत्वमध्याभोवती, आणि हा मध्य पंखांच्या आसपास असल्यामुळे तेथे हेलकावा सर्वांत कमी जाणवतो. उलट इंजिनातून मागे फेकल्या जाणाऱ्या झोताचा घरघराट पंखांच्या पुढे कमी आणि मागे अधिक. बिझनेस क्लास बहुतेक पंखांच्या पुढेच असतो, तेव्हा ज्यास घाटातल्या एस.टी.त मळमळते त्याने त्या दालनाच्या मागल्या भागात, आणि ज्याची झोप चाहुलीने मोडते त्याने पुढल्या भागात जागा घ्यावी. विमानाच्या जातीचाही येथे संबंध पोहोचतो. विमानातील हवेचा दाब साधारणतः ८,००० फूट उंचीवरील हवेइतका विरळ होऊ देतात, म्हणजे कळसूबाईच्या १,६४६ मीटर उंचीच्या शिखराहून कितीतरी वरचा. बोइंग ७८७ आणि एअरबस ए३५० या नव्या विमानांत तो ६,००० फुटांच्या आसपास राखतात, आणि वृद्धांस उतरतेवेळी वाटणारा शिणवटा त्याने काहीसा कमी होतो.

खिडकी कोणत्या बाजूची, हा प्रश्न केवळ हौसेचा नाही. आखातातून अमेरिकेकडे जाणारी सकाळची विमाने पश्चिमेस, सूर्याच्या मागोमाग जातात, म्हणून तो दिवस संपता संपत नाही. आणि उत्तरेच्या त्या अक्षांशांवर सूर्य सदैव दक्षिणेकडे कललेला असल्यामुळे डाव्या बाजूच्या खिडक्यांवर तासन् तास ऊन राहते. रात्र जागून आलेल्या माणसाने जाताना उजवी, म्हणजे उत्तरेची बाजू धरावी. परतीच्या वाटेवर विमान पूर्वेस आणि शेवटी आग्नेयेस वळते, पहाट समोरून आणि डावीकडून फुटते, तेव्हाही उजवी बाजूच झोपेस अनुकूल. ज्यास उलट सूर्योदय पाहावयाचा आहे, त्याने येताना डावी घ्यावी. आणखी एक बारकावा असा की आसनांचे अंतर आणि खिडक्यांचे अंतर यांचा मेळ प्रत्येक रांगेत बसतोच असे नाही; खिडकीच्या नावाने घेतलेल्या जागेजवळ कोरी भिंत निघणे अगदी संभवनीय आहे.

हे सर्व नियम ज्याच्यासाठी, त्या प्रवाशाच्या देहाकडे आता वळू. समजा, देवणीतील एक निवृत्त शिक्षक आणि त्यांच्या पत्नी निघाल्या आहेत. गुरुजींना रात्रीतून तीन वेळा उठावे लागते, बाईंच्या गुडघ्यात धरलेपण आहे. मुलगा फोनवरून बजावतो, “बाबा, तुमची वाटेकडची, आईची खिडकीकडची, विसरू नका.” दोन-दोन-दोनच्या मांडणीत हा सल्ला अचूक आहे, जोडपे शेजारी शेजारी राहते, परक्यास कोणी ओलांडत नाही, आणि बाईंना उठावयाचे झाले तर “अहो, जरा पाय घ्या” एवढ्यावर भागते. परंतु एक-दोन-एकच्या विमानात खिडकीशी दुसरी जागाच नसल्याने तोच सल्ला दोघांना दोन रांगांत पांगवील. तेथे मधली जोडी घ्यावी, आणि तीही पारखून: मागेपुढे सरकविलेल्या मांडणीत मधल्या दोन जागा एका रांगेत एकमेकींस लागून तर दुसरीत टेबलांच्या अंतराने दूर असतात. ज्या बाईंनी चिठ्ठीवर लिहून घेतलेली औषधे, शाकाहारी जेवणाची आगाऊ नोंद आणि उतरताना भरावयाचे कागद यांसाठी सारा भरवसा शेजारच्या माणसावर ठेवला आहे, त्यांस अंतराची रांग म्हणजे एकटेपणाच. दोघांच्या मधला पडदा खाली करता येतो. टेबलाचे अंतर मात्र मिटत नाही.

गुडघ्याच्या दुखण्यास शय्येची उंची नडते. आसन सपाट केले की ते जमिनीच्या बरेच जवळ जाते, आणि तेथून एकदम उठणे म्हणजे पाटावरून उठण्याइतकेच कष्टाचे. यावर उपाय असा की उठण्याआधी कळ दाबून आसन पूर्ण उभे होऊ द्यावे आणि मगच पाय खाली सोडावेत. निजताना कंबरपट्टा पांघरुणाच्या वरून बांधावा, म्हणजे धक्के सुरू झाल्यावर पट्टा दिसावा म्हणून सेविकेला जागे करावे लागत नाही. आणि आडवे झालो म्हणजे सारे साधले असेही समजू नये. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासानुसार चार तासांहून अधिक काळ न हलता केलेल्या प्रवासाने पायांच्या शिरांत रक्त गोठण्याचा धोका सुमारे दुप्पट होतो, जरी मुळात तो अल्प असला तरी. आणि हा धोका विमानाइतकाच मोटारीस, आगगाडीस आणि बसला लागू आहे. देवणीहून शमशाबादपर्यंतची मोटार हिशेबात धरली म्हणजे वाटेने सुखाने ये-जा करता येईल अशी जागा वृद्धांच्या बाबतीत औषधाच्या योग्यतेची ठरते.

राहिला व्यवहार. दोन टप्प्यांच्या प्रवासात खरी कसोटी दुसऱ्या, लांब टप्प्याची असते. चार तासांच्या पहिल्या टप्प्यात बहुधा एक जेवण आणि एक डुलकी एवढाच अवसर मिळतो, म्हणून द्रव्य मर्यादित असेल तर वरचा वर्ग लांब टप्प्यापुरता घेण्याची तजवीज होते का, हे आधी विचारावे. त्यानंतर विमानाची जात, मग मांडणीचे आकडे, मग रांग, मग बाजू, असा क्रम ठेवावा. उलट क्रमाने जाणारा खिडकीच्या मोहात पडून वाट गमावतो. काही कंपन्या या वर्गातही आगाऊ जागा राखण्याचे निराळे शुल्क घेतात, ते वृद्धांसाठी खुशाल भरावे. निघण्याच्या एक-दोन दिवस आधी ऑनलाइन चेक-इन सुरू होते, त्या वेळी नकाशा पुन्हा उघडावा, कारण विमान बदलले असल्यास राखून ठेवलेला क्रमांक तोच राहूनही जागा मात्र भलतीच झालेली असते, आणि त्या घटकेपर्यंत चांगल्या जागा काही वेळा पुन्हा मोकळ्याही होतात. आणि इतके करूनही जर असे निष्पन्न झाले की त्या दिवशीच्या विमानात आईला परक्या माणसाचे पाय ओलांडल्याशिवाय उठता येणार नाही, तर सवलतीच्या चार पैशांकडे न पाहता दुसऱ्या दिवसाचे, दुसऱ्या मांडणीचे विमान घ्यावे. तारीख पुढेमागे करता येते, पण उडालेल्या विमानातील खुर्च्या कोणाच्याही हुकमाने हलत नाहीत.